हरणासाठी हरकत नसल्याचा दाखला

दार्सैत, मस्कत
१२ जून १९९७

प्रिय एलरॉय,

प्रभूत नमस्कार. हे पत्र बसून वाच, कारण तुला न विचारता मी तुझ्याकडे एक पाहुणा पाठवतोय. पाहुणा म्हणजे माझा अर्बाब, आमच्या कंपनीचा मालक, शेख हमूद.

चूक तुझीच आहे. नाताळात तू फोटो पाठवलास ना, हातात धनुष्य, पायाशी भलंमोठं हरीण आणि तोंडावर अख्खी वसई जिंकल्याचा भाव? तो मी ऑफिसात टेबलाच्या काचेखाली ठेवला. परवा अर्बाबची नजर त्यावर गेली. "ये कौन है?" मी म्हटलं, मावसभाऊ, अमेरिकेत गाड्यांच्या गॅरेजात असतो, पण तिकडचा मोठा शिकारी आहे. 'मोठा' हा माझ्या पदरचा शब्द. पण फोटो बघून दुसरा सुचला नाही.

दीड वर्ष झालं, या माणसाला धनुष्यबाणाचं वेड लागलंय. इथं शिकारीला सक्त मनाई. म्हणून खाबुऱ्याच्या शेतावर खजुराच्या झाडांना पोती बांधतो आणि दर शुक्रवारी बाण मारतो. शेतावरचे मजूर त्या दिवशी डोक्यावर घमेली पालथी घालून पाणी सोडतात. आता त्याला ऑक्टोबरात तुझ्याकडे येऊन खरं हरीण मारायचंय.

त्याचा एकच प्रश्न आहे. बाण लागून जनावर पळालं, तर माग काढताना जवळ पिस्तूल ठेवता येतं का? जिवंत असताना बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवता आली तर त्याच्या मनाला शांती. पण तडफडतं जनावर त्याला बघवत नाही, आणि शिंगाजवळ जायचं म्हणजे धोकाही आहे. तेव्हा कायदा काय म्हणतो ते नीट विचारून कळव.

तुझ्यापासून काय लपवायचं, यात माझा स्वार्थ आहे. मी इथं आलो तो गवंड्याच्या व्हिसावर. आयुष्यात थापी धरली नाही, पहिल्या दिवसापासून टायपिंग करतोय, पण लेबर कार्डावर अजून गवंडीच. गवंड्याला फॅमिली व्हिसा मिळत नाही. 'गवंडी'चा 'क्लार्क' करायचा कागद अर्बाबच्या टेबलावर चौदा महिने सहीसाठी पडलाय. आठवण केली की "बुक्रा, इन्शाल्ला". त्याचा उद्या काही उगवत नाही. आमची अ‍ॅश्ली पावणेपाच वर्षांची झाली. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. एप्रिलमध्ये तिला अल् घुब्र्याच्या शाळेत घालायचं तर मार्चअखेरपर्यंत डोरोथी आणि ती इथं यायला हव्यात. अर्बाब खूश होऊन आला तर सही होईल, एवढीच आशा.

पण एक शब्द दे. त्याच्यापुढे माझ्या कागदाचा विषय काढायचा नाही. पाहुणचार करून वसुली केल्यासारखं होईल, ते मला नको.

तुझा,
मार्सेल


पाइनफिल्ड
२ जुलै १९९७

प्रिय मार्सेल,

पत्र मिळालं. बसूनच वाचलं, आणि नंतर बराच वेळ उठलो नाही.

शेखसाहेबांना खुशाल पाठव. घर लहान आहे, पण वरची खोली मोकळी आहे. शब्द दिला, तुझ्या कागदाबद्दल तोंडातून ब्र काढणार नाही. डोरोथीवहिनीला मात्र सांग, मुलीचे लोकरीचे कपडे मस्कतला घेऊन जाऊ नकोस म्हणावं. मागच्या वेळी माझ्या आईचं ऐकून तू स्वेटर नेला होतास.

आता कायद्याचं. मी दुकानातून नियमांचं पुस्तक आणलं. आमच्या राज्यात धनुष्याचा मोसम वेगळा आणि बंदुकीचा वेगळा. धनुष्याच्या मोसमात जंगलात बंदूक, पिस्तूल काही जवळ बाळगायचं नाही. मी वाचलं, मग शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. जखमी जनावराचा माग काढतानाही नाही. "पण ते तडफडत असेल तर?" असं मी विचारलं. तो म्हणाला, तर दुसरा बाण मार, नाही तर सुरी वापर, नाही तर वनाधिकाऱ्याला फोन कर. तो येऊन काय ते करील. यामागचं कारण सरळ आहे. पिस्तूल चालवलं की उद्या कोणीही गोळीनं हरीण मारील आणि एक बाण खुपसून म्हणेल, मी नुसता माग काढत होतो. आणखी काही विचारायचं असलं तर वनखात्याचा पत्ता सोबत उतरवलाय.

हरीण मोठं होतं खरं, फोटोतलं. त्याबद्दल सावकाश लिहीन.

एलरॉय


दार्सैत
२१ जुलै १९९७

प्रिय एलरॉय,

तुझं पत्र अर्बाबला वाचून दाखवलं. त्याचा चेहरा पडला. मग खुलला, मग मला म्हणाला, "मार्सेल, कानून है, तो एन.ओ.सी. भी होगा."

आणि मला ते पटलं! दहा वर्षं आखातात काढलेल्या माणसाला ते पटणारच. इथं गाडी शिकायला एन.ओ.सी., गावी जायला एन.ओ.सी., दार्सैतच्या देवळाजवळ माझ्या खोलीच्या भिंतीला खिळा ठोकायलासुद्धा घरमालकाचा कागद लागला. जे करता येत नाही ते एन.ओ.सी. आणल्यावर करता येतं, अशी माझी ठाम समजूत आहे. तेव्हा मी तुमच्या वनखात्याला रीतसर अर्ज टाईप केला. पत्ता तुझ्या पुस्तकाच्या मागच्या पानावरचा, जो तू उतरवून पाठवलास.

मजकूर असा: शेख हमूद या सद्गृहस्थांनी फक्त एका जखमी हरणाचा माग काढताना, फक्त एक पिस्तूल, फक्त दयेच्या हेतूनं जवळ बाळगल्यास आमच्या कंपनीची काही हरकत नाही, तरी आपल्या खात्याचीही हरकत नसल्याचा दाखला मिळावा. सोबत अर्बाबचे निळ्या पार्श्वभूमीचे दोन फोटो, पासपोर्टची प्रत, रक्तगट आणि चेंबर ऑफ कॉमर्सचा शिक्का. हमीदार म्हणून तुझं नाव घातलंय. रागावू नकोस, हमीदाराशिवाय अर्ज कोणी बघत नाही.

मार्सेल


पाइनफिल्ड
१६ ऑगस्ट १९९७

प्रिय मार्सेल,

अरे देवमाणसा!

मंगळवारी गॅरेजात फोन आला. "एलरॉय कोण? वनाधिकारी बोलतोय." माझी पाचावर धारण बसली. अटक झाली तर कोणाला कळवायचं, इथपर्यंत माझा विचार गेला. मग पलीकडून हसण्याचा आवाज. गृहस्थ म्हणाला, तीस वर्षं नोकरी केली, हरीण मारायला रक्तगट जोडून परवानगी मागणारा पहिला माणूस पाहिला. तुझा अर्ज त्यानं ऑफिसच्या फळ्यावर लावलाय. येणारे-जाणारे वाचतात.

पण माणूस चांगला निघाला. समजावून म्हणाला, असा दाखला आमच्याकडे नसतो. कायद्यानं नाही म्हटलं की राज्यपालाच्या सहीनंही होय होत नाही. त्यानं त्याचा घरचा नंबरही दिलाय, अडलं तर फोन करा म्हणाला. आणि एक गोष्ट त्यानं बजावून सांगितली, पुस्तकात मी नीट वाचली नव्हती. जखमी जनावर दुसऱ्याच्या जमिनीत शिरलं तर मालक हो म्हणेपर्यंत कुंपण ओलांडायचं नाही. मग ते डोळ्यांसमोर पडलेलं का असेना.

आता दुसरं. हे लिहायला मी दीड महिना टाळाटाळ केली. मार्सेल, ते हरीण माझं नाही. शेजाऱ्यानं मारलं होतं. मी नुसता शेजारी उभा राहिलो, तो म्हणाला धर धनुष्य, काढू फोटो. मी आजवर गवताच्या भाऱ्यांखेरीज कशावर बाण मारलेला नाही, आणि त्यातलेही निम्मे चुकलेत. आई गावभर सांगत सुटली, मग मला खरं सांगायची लाज वाटली. तुझ्या अर्बाबला हे सांगायचं असेल तर सांग. कागदाचं काही बिघडलं तर दोष माझा.

एलरॉय


दार्सैत
९ सप्टेंबर १९९७

प्रिय एलरॉय,

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला आणि मग एकटाच मोठ्यानं हसलो. खोलीतला रमण, आमचा रत्नागिरीचा एसी मेकॅनिक, विचारायला लागला, काय लॉटरी लागली का?

अर्बाबला मी काहीच सांगितलं नाही. तिकीट काढून झालंय. तू त्याच्या मागे मागे चाल आणि गंभीर चेहरा ठेव, तेवढं तुला जमतं. खरं तर माग काढण्यात त्याला तुझी गरजच नाही. तो डोंगराकडच्या गावात वाढलाय, लहानपणी हरवलेले उंट पावलांवरून शोधायचा. वाळूत उंटाचं पाऊल बघून, उंटीण गाभण आहे की नाही सांगतो म्हणतात. मला खरं-खोटं माहीत नाही, पण पार्किंगमध्ये कोणाची गाडी आधी आली ते तो टायरच्या खुणांवरून ओळखतो, हे मी पाहिलंय.

नियमांचं एक कार्ड टाईप करून, प्लास्टिकमध्ये घालून त्याच्या खिशात ठेवलंय. 'पिस्तूल नाही' ही ओळ तांबड्या रिबिनीनं आणि 'कुंपण' ही ओळ तिच्याखाली, तीही तांबडी. माझा कागद अजून टेबलावरच आहे. त्यावर परवा चहाचा कप ठेवलेला पाहिला.

मार्सेल


पाइनफिल्ड
२८ ऑक्टोबर १९९७

प्रिय मार्सेल,

तुझा अर्बाब काल गेला. आठ दिवसांत माझी बायको इलेन त्याच्याकडून कॉफीत वेलची घालायला शिकली आणि तो तिच्याकडून पोहे खायला. आता रविवारचं सांगतो. सगळं जसं घडलं तसं.

सकाळी साडेसातला तो झाडाआड उभा होता, मी त्याच्या मागे, गंभीर चेहऱ्यानं. हरीण आलं. त्यानं बिस्मिल्ला म्हणून बाण सोडला. लागला, पण जरा मागे लागला आणि हरीण उडी मारून पळालं. मी त्याच दिशेनं धावणार होतो. अर्बाबनं माझी कॉलर धरली. "सब्र. बैठो." अर्धा तास मला ओल्या पाचोळ्यात बसवून ठेवलं. जखमी जनावराच्या मागे लागलं तर ते जीव खाऊन पळतं, सोडून दिलं तर जवळच बसतं, म्हणाला. मग उठला आणि वाकून चालायला लागला. मला नुसती पानं दिसत होती. त्याला सगळं दिसत होतं, इथं थांबलं, इथं पाय घसरला, इथं डावीकडे वळलं. तेव्हाच मी त्याला फोटोचं खरं सांगून टाकलं. तो वळूनसुद्धा न बघता म्हणाला, "मालूम है. तुम चलता है तो सारा जंगल को मालूम पड़ता है."

दीड मैलावर तारेचं कुंपण लागलं. पलीकडे वीस-पंचवीस पावलांवर हरीण पडलेलं होतं. जिवंत होतं. मान उचलून आमच्याकडे बघत होतं.

जमीन एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. मी त्याच्या घरी धावलो, दाराला कुलूप. रविवार ना, प्रार्थनेला गेलेला. गाडी काढून पेट्रोल पंपावरून वनाधिकाऱ्याला फोन केला, तो साठ मैल लांब दुसऱ्या कामावर. परत आलो तर अर्बाब कुंपणापाशी तसाच उभा. तेवढ्यात रस्त्यावरून एकाची पिकअप आली. त्यानं बघितलं आणि म्हणाला, माझ्याकडे रायफल आहे, इथूनच एक गोळी आणि संपलं, कोण बघतंय? खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. त्या जनावराचे डोळे बघवत नव्हते. आणि ज्याला चार महिने पिस्तूल हवं होतं, त्या माणसानं खिशातून तुझं कार्ड काढलं, तांबड्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ला, नहीं. मार्सेल ने लिखा है, नहीं." पिकअपवाला खांदे उडवून गेला.

मी चर्चला गेलो. सभा सुरू होती, मध्येच कसं उठवणार? दारावरच्या माणसाकडे निरोप ठेवला, सुटल्या सुटल्या म्हाताऱ्याला कुंपणाकडे पाठव. मग परत येऊन अर्बाबला सांगितलं, तास-दीड तास लागेल. एकूण पावणेतीन तास तो त्या कुंपणापाशी उभा होता, मार्सेल. मी त्याला गाडीत बस म्हटलं, थंडी होती. तो बसला नाही. कुंपणाच्या तारेला हातसुद्धा लावला नाही.

मध्येच विचारलं, "एलरॉय, वो बुढ्ढा हाँ बोलेगा ना?"

मी म्हटलं, "बोलेगा अर्बाब. भला आदमी है."

"भला आदमी है, तो इतना देर क्यूँ?"

म्हाताऱ्याला तर माहीतच नव्हतं की त्याच्या एका शब्दावाचून इथं कोणी ताटकळलंय.

हरणानं पुन्हा मान उचलली. तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मार्सेल का कागद मेरे टेबल पर है."

मी काहीही बोललो नाही. तुला शब्द दिला होता. पण जीभ चावून रक्त यायचं बाकी होतं, हे लक्षात ठेव.

म्हातारा सुटाबुटात आला. पोहोचताच म्हणाला, अरे, जायचं होतं की सरळ! अर्बाब कुंपणावरून गेला, बसला, हरणाच्या मानेवर हात ठेवला, बिस्मिल्ला म्हणाला. क्षणात संपलं. वनाधिकारी मागाहून आला, परवाना तपासला, आणि अर्बाबचा चेहरा बघून थबकला. निळ्या पार्श्वभूमीवर पाहिलेला ना! मग त्यानं टोपी काढून हात मिळवला. अर्बाबनं अर्धं मांस म्हाताऱ्याला दिलं.

एलरॉय


दार्सैत
२३ नोव्हेंबर १९९७

प्रिय एलरॉय,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. रमणलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, झालं तुझं काम, मिठाई आण. मी आणली नाही. बरं झालं.

अर्बाब आल्यापासून रोज मजलिशीत हरणाची गोष्ट सांगतो. प्रत्येक वेळी कुंपण थोडं उंच होतं आणि थंडी थोडी वाढते. तू त्यात फार कमी आहेस, माफ कर. पण माझ्या कागदाबद्दल एक अक्षर नाही. आल्यावर दुसऱ्या दिवशी बघितलं तर टेबलावर तो कागदच नव्हता. रद्दीत गेला की काय, कळायला मार्ग नाही. मी टेबलाखाली वाकून पाहिलं, कचऱ्याची टोपली पाहिली. विचारायची हिंमत झाली नाही. खलास, म्हटलं.

डोरोथीला मी काही कळवलेलं नाही. ती पत्रात लिहिते, अ‍ॅश्ली शाळेच्या दप्तरात बाहुली घालून घरातल्या घरात "मस्कतला" जाते आणि येते. हे वाचून मला रडू आलं, तुला सांगायला लाज कसली.

मार्सेल


पाइनफिल्ड
१२ डिसेंबर १९९७

प्रिय मार्सेल,

धीर सोडू नकोस. जो माणूस हरणासाठी पावणेतीन तास उभा राहिला तो तुला टोपलीत टाकणार नाही. मी पाहिलंय त्याला, तू फक्त त्याच्याकडे नोकरी केलीयस. दुसरा कागद टाईप कर आणि सरळ समोर ठेव. फार तर काय, बुक्रा म्हणेल.

नाताळच्या शुभेच्छा. या वर्षी फोटोत मी आणि गवताचा भारा आहे. बाण मधोमध लागलाय, हवं तर वनाधिकाऱ्याकडून दाखला आणतो.

एलरॉय


अल् घुब्रा, मस्कत
२२ मार्च १९९८

प्रिय एलरॉय,

वरचा पत्ता बघितलास? पुन्हा बघ.

तुझं ऐकून मी दुसरा कागद टाईप केला आणि नाताळच्या आदल्या दिवशी अर्बाबसमोर ठेवला. त्यानं तो वाचला आणि खणातून माझं लेबर कार्ड काढून वर ठेवलं. नवं कार्ड. 'क्लार्क'. मग आमचा ड्रायव्हर जहूर यानं बाहेर आल्यावर सगळं सांगितलं. अर्बाबनं कागदावर सही आल्या दिवशीच केली होती. पण लेबर ऑफिसात माणूस न पाठवता तो स्वतः गेला. टोकन घेऊन रांगेत बसला. खिडकीवरच्या माणसानं ओळखलं, आत या म्हणाला, तर नको म्हणाला. पहिल्या दिवशी नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी माझ्या फोटोची पार्श्वभूमी चुकीची निघाली. तिसऱ्या दिवशी काम झालं. "मुझे क्यूँ नहीं बताया अर्बाब?" असं मी परत आत जाऊन विचारलं, तर म्हणाला, "तुम पूछा नहीं." दीड वर्ष विचारलं, तेवढे दोन महिने नव्हतं विचारलं!

रमजान आणि ईद झाली, मग व्हिसा निघाला. परवा भर दुपारी दीडला डोरोथी आणि अ‍ॅश्ली सीबच्या विमानतळावर उतरल्या. अर्बाबनं स्वतःची गाडी दिली. मी अकरापासून काचेला नाक लावून उभा होतो. डोरोथी दिसली आणि मला हात वर करायचंही सुचलं नाही.

अ‍ॅश्ली तिचा हात धरून आली. उंच झालीय, पुढचा एक दात पडलाय. मी खाली बसलो, हात पसरले. तिनं मला नीट निरखून पाहिलं. सकाळपासून मुंबईला, विमानात, इथं, जो जो माणूस समोर आला त्यानं तिच्याकडे एकच वस्तू मागितली होती. तिनं गळ्यातल्या पिशवीत हात घातला, तिचा पासपोर्ट काढला आणि माझ्यापुढे धरला.

डोरोथी हसायला लागली आणि हसता हसता तोंड फिरवून उभी राहिली. मी काय केलं असतं, एलरॉय? पासपोर्ट घेतला. उघडला. फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. आणि म्हटलं, "काही हरकत नाही, आत या."

तुझा,
मार्सेल